उंची कमी म्हणून डावललं जातं का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वय २७, उंची पाच फूट दोन इंच. टीम लीडच्या जागेसाठी तिसऱ्यांदा तुमचं नाव पुढे गेलं आणि तिसऱ्यांदा "काम उत्तम आहे, पण प्रेझेन्स कमी पडतो" असं ऐकून तुम्ही परत आलात. मित्र म्हणतात, हा सगळा तुझ्या मनाचा खेळ आहे, न्यूनगंड सोड. आणि अगदी शेवटच्या ओळीत तुम्ही विचारलंय की पाय लांब करण्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी का. त्या शेवटच्या ओळीमुळेच हे उत्तर लांबणार आहे.

मी २३ वर्षं एचआरमध्ये आहे. इंटरव्ह्यू पॅनेलवर बसणं, पॅनेलवर बसणाऱ्यांना शिकवणं, प्रमोशनच्या बैठकांची टिपणं ठेवणं हेच माझं काम. त्यामुळे टेबलाच्या या बाजूला काय घडतं ते सांगू शकते.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न गुंतलेत. कमी उंचीच्या माणसांच्या वाट्याला भेदभाव येतो का, हा पहिला. त्याचं उत्तर हो असं आहे, आणि त्याला भक्कम पुरावा आहे. तुमच्या बाबतीत तिन्ही वेळा तेच झालं का, हा दुसरा. त्याचं उत्तर मला इथे बसून देता येणार नाही. तुमच्या मित्रांनाही देता येणार नाही, कारण त्या बैठकीत तेही नव्हते. पण ते शोधायचं कसं, हे मला माहीत आहे.

आधी पहिला प्रश्न. २००४ मध्ये टिमथी जज आणि डॅनियल केबल या संशोधकांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या चार दीर्घकालीन अभ्यासांची आकडेवारी तपासली. वय, वजन आणि स्त्री-पुरुष हा फरक हिशेबातून वजा केल्यावरही उंचीच्या दर इंचामागे वर्षाला सुमारे ७८९ डॉलरचा फरक उरत होता. उंचीत सहा इंचांचं अंतर असेल तर तीस वर्षांच्या नोकरीत हा आकडा एक लाख चाळीस हजार डॉलरच्या पुढे जातो. ही सरासरी आहे, प्रत्येकाचं नशीब नव्हे. पण "तुझ्या मनाचा खेळ" म्हणून उडवून लावण्याइतका हा फरक लहान नाही.

आता हा सगळाच फरक भेदभावाचा आहे का? नाही, आणि हेही तुम्हाला प्रामाणिकपणे सांगायला हवं. अ‍ॅन केस आणि क्रिस्टिना पॅक्सन या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवलं की लहानपणचं पोषण आणि आजारपण यांचा परिणाम उंचीवरही होतो आणि बुद्धीच्या वाढीवरही, त्यामुळे पगारातल्या फरकाचा काही भाग तिथून येतो. हे लाखो लोकांच्या सरासरीबद्दल आहे. समोर बसलेल्या एका माणसाच्या उंचीवरून त्याच्या बुद्धीबद्दल काडीचाही अंदाज बांधता येत नाही. दुसऱ्या बाजूने, २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे १ लाख २० हजार लोकांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या जनुकांमध्येच कमी उंची होती, त्यांचं उत्पन्नही सरासरीने कमी निघालं, आणि हा परिणाम पुरुषांत जास्त ठळक होता. जनुकं काही पगार बघून बदलत नाहीत. म्हणजे निदान काही प्रमाणात उंचीच पुढच्या गोष्टी घडवते आहे.

माझ्या कामाशी सगळ्यात जवळचा वाटतो तो मात्र तिसराच अभ्यास. निकोला पर्सिको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये गोऱ्या पुरुषांच्या आकडेवारीवरून हे दाखवलं की मोठेपणीच्या पगाराशी खरा संबंध जुळतो तो सोळाव्या वर्षीच्या उंचीचा. म्हणजे सोळाव्या वर्षी बुटका असलेला मुलगा पुढे उंच झाला तरी त्याला उंचीचा तो फायदा मिळत नाही. कारणांचा माग काढताना ते पोचले शाळेतल्या खेळांपर्यंत आणि मंडळांपर्यंत. कमी उंचीची मुलं त्यांत कमी दिसत होती.

यावर जरा थांबू या. वर्गातला सगळ्यात बुटका मुलगा आठवा. रांगेत पहिला. संघ निवडताना शेवटचा. कप्तान कधीच नाही. दहा माणसांना एका कामाला लावायचं, चुकलं तर सांभाळायचं, कुणी उलटून बोललं तर काय करायचं, याचा सराव इतर मुलांना दहाव्या-बाराव्या वर्षापासून मिळतो. त्याला तो मिळतच नाही. मग तिशीच्या आसपास आमच्यासारखं कुणीतरी त्याला समोर बसवतं आणि कागदावर लिहितं, "नेतृत्वगुण कमी". शेरा कदाचित खराही असेल. पण तो सराव त्याला कुणी दिला नव्हता, हे त्या कागदावर कुठेच नसतं. तुमचे मित्र ज्याला न्यूनगंड म्हणताहेत त्यातला बराचसा भाग असा बाहेरून आत आलेला असतो. त्याला मनाचा खेळ म्हणणं अन्यायाचं आहे.

आपली भाषाही याला हातभार लावते. कौतुक करायचं तर माणूस "उंचापुरा", "भारदस्त". कुणाचं मन किंवा विचार क्षुद्र म्हणायचे तर ते "खुजे". आणि धीर द्यायचा तर "मूर्ती लहान पण कीर्ती महान". हे वाक्य लोक चांगल्या मनाने म्हणतात, पण त्यातला "पण" नीट ऐका. मूर्ती लहान असताना कीर्ती महान असणं हे आश्चर्य आहे, असं तो "पण" सांगतो. तुम्हाला मिळालेल्या शेऱ्यातही तोच शब्द आहे: काम उत्तम आहे, पण. नेपोलियनचं उदाहरणही असंच दिलं जातं. प्रत्यक्षात तो साधारण १६८ सेंटिमीटरचा होता, त्या काळच्या फ्रेंच माणसाच्या मानाने बुटका नव्हताच. फ्रेंच इंच इंग्लिश इंचापेक्षा मोठा होता, त्यामुळे आकड्यांचा घोळ झाला, आणि जेम्स गिलरेसारख्या इंग्लिश व्यंगचित्रकारांनी त्याला टाचा आपटणाऱ्या ठेंगण्या पोरासारखं रंगवलं. शत्रूला हिणवायचं तर त्याची उंची कापायची, ही युक्ती दोनशे वर्षांपूर्वीही तितकीच चालत होती.

आता पॅनेलच्या खोलीत या.

माझ्या २३ वर्षांत "हा बुटका आहे म्हणून नको" असं वाक्य मी एकदाही ऐकलेलं नाही. कुणी तसं म्हणत नाही, आणि बहुतेक जण तसा विचारही करत नाहीत. उंची दुसऱ्या शब्दांचा अंगरखा घालून येते. "छाप पडत नाही." "क्लायंटसमोर उभा राहील का?" "अजून थोडा मॅच्युअर व्हायला हवा." "गोड मुलगी आहे." यातला शेवटचा शेरा ३४ वर्षांच्या, दोन मुलांची आई असलेल्या इंजिनिअरबद्दलचा होता.

एक प्रसंग सांगते, कारण त्यात चूक माझी होती. साधारण पाच फुटांच्या आतबाहेर उंची असलेल्या एक बाई मुलाखतीला आल्या होत्या. अनुभव ११ वर्षांचा. आमच्या खोलीत तेव्हा उंच पाठीच्या, खोल बैठकीच्या खुर्च्या होत्या. पाठ टेकून बसलं की त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते, म्हणून त्या कडेवर बसल्या, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट धरून. टेबल छातीपर्यंत येत होतं. चाळीस मिनिटं त्या तशाच बसल्या आणि उत्तरं नेमकी देत होत्या. मी माझ्या शीटवर लिहिलं: "अस्वस्थ वाटतात. सीनिअर भूमिकेसाठी आत्मविश्वास कमी." शेजारच्या सहकाऱ्याने लिहिलं: "ज्युनिअर वाटतात." फोनवरच्या फेरीत याच बाईंना आम्ही दोघांनी सगळ्यांत जास्त गुण दिले होते.

त्या गेल्यावर मी सहज त्यांच्या खुर्चीत बसून पाहिलं. माझी उंची पाच फूट पाच, तरी माझेही पाय जेमतेम टेकत होते. आम्ही खुर्चीला गुण दिले होते. तो शेरा मी खोडला आणि सहकाऱ्याला त्याच्या शेऱ्याचं कारण विचारलं. त्याला सांगता येईना. बाई निवडल्या गेल्या. पण त्याआधीच्या वर्षांत त्याच खुर्चीत बसून किती माणसं परत गेली असतील, याचा हिशेब मला कधीच लागणार नाही. तेव्हापासून मुलाखतीच्या खोलीत खालीवर होणारी खुर्ची असावी, हा माझा हट्ट असतो.

फोनवर जास्त गुण आणि समोरासमोर कमी, हा नमुना मी पुढेही पाहिला आणि त्यावर नजर ठेवायला शिकले. उंचीचा आणि हुद्द्याचा आपल्या डोक्यात किती घट्ट सांधा आहे, याचा एक जुना आणि साधा प्रयोग आहे. १९६८ मध्ये पॉल विल्सन यांनी तो प्रसिद्ध केला. एकाच पाहुण्याची ओळख वेगवेगळ्या वर्गांना वेगवेगळी करून दिली, कुठे विद्यार्थी म्हणून, कुठे व्याख्याता, कुठे प्राध्यापक. पाहुणा गेल्यावर मुलांना त्याची उंची विचारली. हुद्दा वाढला तशी त्याची उंचीही वाढत गेली. "विद्यार्थी" आणि "प्राध्यापक" यांच्यातला फरक सुमारे अडीच इंचांचा होता. माणूस तोच! म्हणजे मोठा माणूस उंच दिसतो, आणि उलट दिशेने, उंच दिसणारा माणूस मोठा वाटतो.

कमी उंचीच्या पुरुषांच्या वाट्याला आणखी एक कोंडी येते. गप्प बसलात तर प्रेझेन्स नाही. ठामपणे बोललात तर "उंचीची भरपाई करतोय". तेच वाक्य, तोच आवाज, सहा फुटी माणसाच्या तोंडी असेल तर त्याला खंबीर म्हणतात. प्रमोशनच्या बैठकीत हे कानावर आलं की मी एकच प्रश्न विचारते: हेच वाक्य अमुक एक बोलला असता तर आपण काय लिहिलं असतं? बहुतेक वेळा खोली शांत होते. बायकांची अडचण वेगळी. त्यांना लहान मूल समजून वागवलं जातं, "क्यूट" म्हटलं जातं आणि त्यांचं वय आणि अनुभव दोन्ही पुसले जातात. ज्यांना अकाँड्रोप्लेजियासारख्या, म्हणजे हाडांची वाढ खुंटवणाऱ्या जनुकीय विकारासारख्या, कारणाने ठेंगणेपण आलेलं आहे, त्यांचा प्रश्न याहून कितीतरी कठीण आहे आणि तो अपंगत्वाच्या हक्कांत येतो. त्याची तुमच्या-माझ्या गोष्टीत सरमिसळ करणं बरं नाही.

कायद्याबद्दल थोडक्यात, कारण त्याने तुमचं काम लगेच होण्याची शक्यता कमी आहे. उंचीवरून भेदभाव करू नये असं स्पष्ट लिहिणारे कायदे जगात मोजके आहेत. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात १९७६ च्या कायद्यात उंची आणि वजन दोन्ही आहेत, न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये तसाच नियम केला. इतरत्र बहुधा आडवाटेने जावं लागतं. १९७७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अलाबामातल्या तुरुंगरक्षकांसाठीची पाच फूट दोन इंच उंचीची आणि १२० पौंड वजनाची अट रद्द केली. तिच्यामुळे ४१ टक्क्यांहून जास्त स्त्रिया बाहेर पडत होत्या आणि पुरुष एक टक्काही नाही. २०१७ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयापुढे ग्रीसच्या पोलीस शाळेची १७० सेंटिमीटरची अट आली, तिथेही मुद्दा स्त्रियांचाच होता. या निकालांतला प्रश्न मात्र तुमच्या कामाचा आहे: या कामाला ती उंची खरंच लागते का? तुमच्या देशात काय लागू आहे, ते तिथल्या वकिलालाच विचारा.

आता दुसरा प्रश्न, तुमचा स्वतःचा. "प्रेझेन्स" या शब्दामागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. तुमच्या बोलण्यात किंवा काम सांभाळण्यात खरोखर काही उणीव आहे आणि मॅनेजरला ती नीट मांडता येत नाही. किंवा जागा आधीच दुसऱ्यासाठी ठरलेली होती आणि हा शब्द सोयीचा होता. किंवा उंची. यातलं कोणतं, हे शेऱ्यावरून कळत नाही, शेऱ्याच्या पुराव्यावरून कळतं. म्हणून मॅनेजरला भेटून शांतपणे विचारा: "प्रेझेन्स कमी पडला असे गेल्या सहा महिन्यांतले दोन प्रसंग सांगाल का? त्या वेळी मी काय करायला हवं होतं?" उत्तरात एखादी मीटिंग आली, तुम्ही तिथे आकडे सांगताना अडखळलात असं आलं, तर ते काम करण्यासारखं आहे, आणि ते ऐकून घ्या, दुखलं तरी. उत्तरात फक्त "एकूण इम्प्रेशन", "लोकांना तसं वाटतं" एवढंच आलं, तर मामला वेगळा आहे. भेट झाल्यावर त्याच दिवशी मेल टाका: आज आपलं असं बोलणं झालं, मला हे समजलं, काही राहिलं असेल तर सांगा. भांडणाचा सूर नको. फक्त नोंद.

तीनदा जे निवडले गेले त्यांच्याकडेही बघा, पण उंची मोजायला नको. त्यांच्याकडे कोणतं काम होतं जे तुम्हाला दिलं गेलं नाही? मोठ्या बैठकीत मांडणी करायला कोण उभं राहिलं? मांडणी तुम्ही तयार केली आणि उभा दुसरा राहिला, असं किती वेळा झालं? माझ्या अनुभवात भेदभाव प्रमोशनच्या दिवशी कमी घडतो आणि त्याआधीच्या दोन वर्षांत कामं वाटताना जास्त घडतो. तो सापडला तर मागणीही नेमकी करता येते: "पुढची मांडणी मी उभं राहून करणार." प्रमोशन मागण्यापेक्षा हे मागणं सोपं, आणि नाकारायला अवघड.

काही साध्या गोष्टींनी फरक पडतो. उभ्याने बोलताना उंच माणसापासून अर्धं पाऊल मागे राहा. फार जवळ उभं राहिलं की तुमची मान वर जाते आणि त्याची खाली, मग संवाद आपोआप मोठा-लहान असा होतो. महत्त्वाचं बोलणं शक्यतो बसून करा. मांडणीच्या आधी जाऊन माइक आणि पोडियम बघून घ्या. पोडियम उंच असेल तर तो सोडून बाजूला उभं राहा, नाहीतर लोकांना नुसतं कपाळ दिसतं. नव्या लोकांसमोर तुमची ओळख दुसऱ्या कुणीतरी तुमच्या कामासकट करून द्यावी असं बघा. विल्सनच्या पाहुण्याचं आठवतंय ना! टाचेत जाड सोल घालायचा असेल तर घाला, त्यात खोटेपणा नाही. या सगळ्या गोष्टी तुम्ही का कराव्यात, खोलीने का बदलू नये, असं तुम्ही विचारलंत तर तुमचं बरोबर आहे. खोली बदलायचं काम आमच्यासारख्यांचं आहे आणि ते फार सावकाश चाललंय. तोवर तुमचं नुकसान होऊ नये म्हणून हे सांगते आहे.

ऑफिसात कुणी "छोटू" म्हणत असेल आणि तुम्हाला ते लागत असेल, तर एकदा, एकट्याला गाठून, हसू न आणता सांगा: "मला नावाने हाक मार. हे मला आवडत नाही." पुढे काही जोडू नका. कारण दिलं की त्या कारणावर चर्चा सुरू होते. जो तुमच्या हाताखाली काम करायचा आहे तो तुम्हाला चारचौघांत छोटू म्हणतो, आणि त्याच चारचौघांत बसलेला मॅनेजर प्रेझेन्स तोलत असतो.

शेवटी शस्त्रक्रिया. मी डॉक्टर नाही, त्यामुळे सल्ला अस्थिरोगतज्ज्ञाचाच घ्या. पण काय असतं ते माहीत असू द्या. मांडीचं किंवा पायाचं हाड कापतात आणि दोन तुकडे रोज साधारण एक मिलिमीटरने दूर नेतात, मधल्या फटीत नवं हाड धरत जातं. इलिझारोव्ह या सोव्हिएत सर्जनने १९५० च्या दशकात ही पद्धत मुख्यतः मोडलेल्या, वाकड्या, आखूड झालेल्या पायांसाठी विकसित केली. पाच सेंटिमीटर वाढवायला नुसते ओढण्याचेच जवळपास पन्नास दिवस, आणि हाड घट्ट होऊन चालणं पूर्ववत व्हायला त्यापुढे कित्येक महिने. जंतुसंसर्ग, नसांना इजा, सांधे आखडणं, हाड न जुळणं हे धोके खरे आहेत. आणि २७ व्या वर्षी हाडांच्या टोकांची वाढ थांबलेली असते, म्हणून उंची वाढवण्याच्या गोळ्या आणि पावडरी विकणाऱ्यांना एक पैसाही देऊ नका. ज्या शेऱ्याचा अर्थ मॅनेजरने अजून तुम्हाला एका वाक्यात सांगितलेला नाही, त्यासाठी पाय कापून घेण्याचा विचार तुमच्या मनात यावा, याचं मला फार वाईट वाटलं. हा विचार रोज येत असेल, झोप उडवत असेल, तर समुपदेशकाकडे जा. तुमच्यात काही बिघडलंय म्हणून नव्हे. तीन नकार एकट्याने पचवणं जड असतं, म्हणून.

मॅनेजरची भेट याच महिन्यात मागा, अप्रेझलची वाट बघू नका. जाताना वर सांगितलेला प्रश्न कागदावर लिहून न्या आणि विचारून झाल्यावर गप्प बसा, ती शांतता तुम्ही भरू नका. "ते असं शब्दांत सांगता येत नाही," असं उत्तर आलं तर तेही तारखेसकट लिहून ठेवा, आणि तोच कागद घेऊन तुमच्या एचआरकडे जा.